ढेकूण दिसतो, मुंग्या दिसत नाहीत

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 62-63



बोरिवली-मुलुंडच्या बाल्कनीत कुंडीतलं लिंबू सुकायला लागतं. पानं चिकट, त्यावर काळी बुरशी, फांदीच्या बेचक्यात कापसासारखा थर. हा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. आपण तो पुसतो, लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून फवारतो. थोड्या दिवसांत तो परत हजर!

कारण खोडावरून चढणाऱ्या मुंग्या. ढेकूण झाडाचा रस पिऊन गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याला जपतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलतात.

भगवंतांनी सांगितलेली साखळी बघा : विषयाचं चिंतन, मग आसक्ती, इच्छा, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. सुरुवात क्रोधापासून नाही, चिंतनापासून आहे. मान हाही विषयच. मीटिंगमध्ये कोणी बोललं, ते लोकलमध्ये दहादा आठवलं, की घरी आईवर आवाज चढतो. मग ‘सॉरी’ म्हणणं ही फवारणी. ती हवीच, पण तेवढ्याने भागत नाही.

झाडासाठी : खोडाला चिकट बाजू बाहेर ठेवून टेप गुंडाळा, ग्रिलला टेकलेल्या फांद्या छाटा, फवारणी दर आठवड्याला चालू ठेवा.

मनासाठी : अकराव्यांदा आठवण येईल तेव्हा तिथेच नाम घ्या. वाट तिथेच तुटते.

खोड हिरवं असेल तर पालवी फुटते. पुढच्याच श्लोकात भगवंत प्रसन्नतेचं बोलतात, ते उद्या.

राम कृष्ण हरी 🙏