संशयाच्या दृष्टीखालीं प्रामाणिक सेवा

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं शहरें एकाच लोहमार्गावर वसलेलीं असून थोड्या अवधींत येथील मतदारांस अनेकदां मतदान-केंद्राची पायरी चढावी लागली. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेचें मतदान झालें. पुढें नगरपरिषदांचें, आणि १५ जानेवारी २०२६ रोजीं उल्हासनगर महानगरपालिकेचें. अशा दिवशीं शाळेच्या वर्गांत टेबल मांडून बसणारे लोक म्हणजे बहुधा शिक्षक, कारकून असे साधे नोकरदार. ते पहांटे अंधारांत कामास लागतात, आणि रांगेंतील पहिलाच मनुष्य विचारतो, 'साहेब, आमचें मत जेथें द्यावयाचें तेथेंच जाईल ना?' हा प्रश्न ऐकून कित्येकांस राग येतो. वाचकहो, तो राग रास्त आहे काय?

संशय केवळ खोडसाळांचा असतो असें नाहीं. २० नोव्हेंबरच्या सायंकाळीं पांच वाजतांचें मतदान शेंकडा ५८.२२ म्हणून प्रसिद्ध झालें, आणि अखेरचा आंकडा सुमारें ६६ झाला. ही वाढ कोठून आली, असा गलका उठला. सोलापूर जिल्ह्यांतील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनीं तर ३ डिसेंबर रोजीं कागदी मतपत्रिकांवर आपलें मतदान पुन्हा करून पाहण्याचें ठरविलें. प्रशासनाच्या बंदीमुळें तो बेत राहिला. आयोगाचें म्हणणें असें कीं, पांच वाजतांचा आंकडा अंदाजी असतो, व सहा वाजतां रांगेंत असलेल्या प्रत्येकास मत देऊं द्यावें लागतें. हें उत्तर आम्हांस पुष्कळ अंशीं पटतें. परंतु ज्याच्या मनांत शंका शिरली त्यास मूर्ख म्हणण्याचा अधिकार तेवढ्यानें कोणास प्राप्त होत नाहीं.

आतां नियम काय सांगतो तें पहा. मतदानापूर्वीं सुमारें दीड तास यंत्रावर किमान ५० लटकीं मतें देऊन दाखवावयाचीं, चिठ्ठ्यांशीं त्यांचा मेळ घालावयाचा, मग तीं पुसून यंत्र शून्यावर आणावयाचें व सील लावावयाचें. आणि हें सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. धान्य मोजणारा मापारी आधीं पायली उपडी करून दाखवितो, त्यांत तो आपला अपमान मानीत नाहीं. कायद्यानें प्रामाणिक व अप्रामाणिक दोघांवरहि सारखाच अविश्वास ठेवला आहे. आमच्या मतें त्यांत प्रामाणिकाचें हितच आहे. कारण त्याला शपथा घ्याव्या लागत नाहींत, पायली दाखविली कीं पुरे. (नगरपालिकांच्या मतदानांत मात्र चिठ्ठीचें यंत्रच नव्हतें. ज्याच्या हातीं दाखवावयास थोडें, त्यानें वाणीनें अधिक नम्र व्हावें.)

तथापि एक प्रसंग असा आहे कीं तेथें पायली उपडी करूनहि भागत नाहीं. एखादी वृद्ध बाई दुपारीं उन्हांतून येते. यादी पाहून अधिकारी म्हणतो, 'मावशी, तुमच्या नांवावर मत होऊन गेलें आहे.' तिच्या बोटावर तर शाई नाहीं. म्हणजे सकाळीं दुसरी कोणी तिचें नांव सांगून गेली, आणि ओळख पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून गेली. नियमाप्रमाणें या बाईस 'प्रदत्त मत' म्हणून कागदी मतपत्रिका द्यावी लागते. ती वेगळ्या लखोट्यांत जाते, नेहमींच्या मोजणींत धरली जात नाहीं. वाद न्यायालयांत गेला तरच उघडली जाण्याचा संभव. हें तिला सांगावें कीं नाहीं? न सांगितल्यास ती समाधानानें घरीं जाईल, आणि वर्गांत गडबडहि होणार नाहीं. आम्ही म्हणतों, सांगावें. 'मावशी, चूक आमच्या टेबलावर झाली. हें मत आज मोजलें जाणार नाहीं, पण तुमची सही व तक्रार नोंदली जाईल,' एवढें बोलावयास धैर्य लागतें, कारण मागच्या रांगेंत कुजबुज सुरू होणारच. ती कुजबुज अधिकाऱ्यानें सोसावी. त्याच्या हातून पाप घडलें नसेल, परंतु त्या खुर्चीवर तोच बसला आहे.

मात्र संशय घेणाऱ्यांसहि आमचें एक विचारणें आहे. विधानसभेच्या मतदानांत केंद्र बंद होतांना एकूण मतांचा नमुना १७-क भरला जातो व त्याची सहीची प्रत हजर प्रतिनिधींस मिळते. पांचाचा आंकडा व अखेरचा आंकडा यांचा वाद त्याच कागदावर तपासतां येतो. आपल्या वाडीचे तरुण, जे सकाळीं चहा घेऊन केंद्रांत बसले होते, ते ती प्रत घेण्यास सायंकाळीं तेथें होते काय?