बर्थाबाईंची माहेरवारी

जर्मनीच्या बर्था बेंझ यांनी लग्नाआधीच हुंड्याचे पैसे मागून घेतले आणि होणाऱ्या नवऱ्याच्या, कार्लच्या, अडचणीतल्या कारखान्यात घातले. पुढे मोटार तयार झाली, पण गिऱ्हाईक फिरकेना. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या मोटारीने मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटर! इंधन घेतलं विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून. नळी तुंबली, टोपीची पिन कामी आली. ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं. चढावर मात्र गाडी ढकलावी लागली. नवऱ्याला तार केली ती पोहोचल्यावर! माहेरच्या ओढीपेक्षा धंद्याचीच काळजी या प्रवासामागे जास्त असावी. परतल्यावर त्यांनी कार्लला सुचवलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. त्याने तो बसवला.