उसने जुनेपण

जुने ते सोने, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु वस्तू जुनी होते म्हणजे तिचे नेमके काय होते, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. तिचे जुनेपण तिच्या घडणीत असते, की तिने काढलेल्या वर्षांत? घडण पुन्हा करता येते. कसबी हात मिळाला तर शंभर वर्षांपूर्वीची समई आज हुबेहूब ओतता येईल. पण त्या समईने शंभर वर्षे ज्या देवघरात उजेड दिला, ती वर्षे कोणत्या मुशीत ओतायची?

हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गातला राहिलेला नाही. बाजारात त्याला रोख किंमत आली आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. आपल्या भागातली मुले शिकायला पुणे-हैदराबादला जातात आणि सुटीत येताना खांद्यावर हे वाद्य घेऊन येतात, म्हणून ते आता आपल्याला परके राहिलेले नाही.

अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९७८ साली ‘द पॉल’ नावाची गिटार काढली. तिचे अंग अक्रोडाच्या भरीव लाकडाचे होते. कडांना शोभेची पट्टी नाही, चकचकीत रंग नाही. लाकडाचा तपकिरी पोत जसाच्या तसा दिसावा, अशी साधी घडण. कंपनीच्या नामांकित गिटारी ज्यांना परवडत नसत त्यांच्यासाठी काढलेले हे काटकसरीचे वाद्य होते. फेंडर या दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही १९८० नंतर आपल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’चा अक्रोडी अवतार काढला. दोन्ही वाद्ये काही वर्षांतच बंद पडली. पुढे चाळीस वर्षांनी गिब्सनने ‘द पॉल’ची नवी आवृत्ती काढली. काटकसर म्हणून जन्मलेली वस्तू आता आठवण म्हणून विकली जाऊ लागली.

इथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. चांगले पुस्तक दुर्मिळ झाले की त्याची नवी आवृत्ती काढतात, तसेच हे. जुन्या मूळ गिटारी संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसतात आणि त्यांचे भाव वाजवणाऱ्याच्या आवाक्याबाहेर जातात. मग त्याच घडणीचे नवे वाद्य एखाद्या होतकरू मुलाच्या हाती पडत असेल, तर त्यात वाईट ते काय?

परंतु गोष्ट तिथे थांबली नाही. फेंडर कंपनीने १९९५ साली ‘रेलिक’ या नावाने काही गिटारी विक्रीला आणल्या. रेलिक म्हणजे अवशेष. वाद्य कोरे करकरीत, पण कारखान्यातच त्याचे वार्निश खरवडलेले, धातूचे भाग मुद्दाम काळवंडवलेले, आणि वाजवणाऱ्याचे कोपर जिथे तीस-चाळीस वर्षे घासले असते तिथले लाकूड उघडे पाडलेले. इतर कारखान्यांनीही ही कला आत्मसात केली. आता अशा वाद्यांत झिजेच्या पायऱ्या असतात, आणि बहुधा झीज जितकी जास्त तितकी किंमतही जास्त.

याचे समर्थन करणारे म्हणतात, की यात फसवणूक कोणाची झाली? विकणारा सांगून विकतो, घेणारा जाणून घेतो. शिवाय नव्या वाद्याला पहिला ओरखडा पडेल या धास्तीतून माणूस सुटतो आणि मोकळेपणाने वाजवतो. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही.

तरीही मला तो पटत नाही. माझे आयुष्य हजेरीपत्रकांत गेले, म्हणून त्यातलेच उदाहरण देतो. एखादा मुलगा वर्षभर शाळेत आलाच नाही आणि त्याची हजेरी भरून टाकावी असे वडिलांनाही वाटले व मुख्याध्यापकांनाही वाटले. दोघेही खुशीने तयार आहेत, कोणी कोणाला फसवलेले नाही. तेवढ्याने ते हजेरीपत्रक खरे होते काय? चरा ही वाद्याची हजेरी आहे. अमुक दिवशी अमुक मैफलीत हे वाद्य होते, कोणाच्या तरी हातून निसटले, कोणीतरी ते उचलून पुन्हा वाजवले, याची ती साक्ष आहे. न आलेल्या दिवसांची हजेरी लावली, की खऱ्या हजेरीचेही मोल उतरते. उद्या खरोखर चाळीस वर्षे वाजलेली गिटार समोर आली, तर पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येईल तो ‘ही झीज कारखान्यातली की हातातली?’ हाच.

आपल्याकडच्या कारागिरांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब यांच्यासारख्या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी शस्त्रांचे काम मागे पडताच तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढीजात हात यांतून तिथला तानपुरा घडतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या तानपुऱ्याची घडण पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदललेली नाही. त्या अर्थाने प्रत्येक नवा तानपुरा ही जुन्याची नवी आवृत्तीच. पण नव्या तानपुऱ्याला कोणी जुना दाखवत नाही. उलट, जुन्यालाच पुन्हा पुन्हा नवे करावे लागते. तारा बदलतात. तारांच्या घर्षणाने घोडी झिजली की आवाज बसतो. मग जाणता कारागीर ती घासून जवारी काढतो, तेव्हा तो झंकार परत येतो. म्हणजे तिथे झीज ही मिरवायची गोष्ट नसून निस्तरायची गोष्ट आहे, आणि जुनेपण टिकते ते या निस्तरण्यातून.

आपल्या बिदरचेच पाहा. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर चांदीची नक्षी भरायची आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात ते काळे करायचे, ही बिदरीची रीत. २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. नक्षी जुनी असते. पण भांडे आजचे असते आणि ते आजचे म्हणूनच विकले जाते. त्याला पोचे पाडून बहामनी काळातले म्हणावे, असे आजच्या कारागिराला वाटत नाही. ज्याच्या हातात ती रीत जिवंत आहे, त्याला जुनेपण उसने आणण्याची गरज पडत नाही.

पुरीच्या जगन्नाथाचे उदाहरण याहून बोलके आहे. नवकलेवराच्या वेळी, शेवटचा २०१५ साली झाला, कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात आणि जुन्या भूमीला अर्पण करतात. साक्षात देवाचे अंग बदलते! भक्त त्या नव्या लाकडाला जुने भासवत नाहीत, आणि नवे म्हणून देव परका झाला असेही मानत नाहीत. सातत्य लाकडात नसून सेवेत आहे, हे त्यांना ठाऊक असते. आणि आपल्या ज्ञानेश्वरीचे काय? शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ग्रंथात पुढच्या तीनशे वर्षांत पाठभेद शिरले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. ती मराठीतील सर्वांत थोर पुनरावृत्ती म्हणायला हवी. त्यांनी ग्रंथाचे वय वाढवले नाही, ग्रंथाची सेवा केली.

एवढा सगळा विचार सातासमुद्रापलीकडच्या अक्रोडी गिटारीसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. मला तो करावासा वाटला, कारण हाच व्यवहार आपल्या घरांत रोज चालू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. तेव्हापासून मराठी टिकवणे ही आपल्या घराघरांतली चिंता आहे आणि ती खरी आहे. पण ती टिकवण्यासाठी आपण करतो काय? गॅदरिंगच्या दिवशी मुलाला फेटा, मुलीला नऊवारी, पुण्याच्या वळणाचे पाठ केलेले भाषण. फोटो निघतो, फेटा परत भाड्याच्या दुकानात जातो. ही झाली रेलिक गिटार.

आणि आपल्या मराठीवर जी खरी झीज आहे, तिला मात्र आपण लपवतो. आजी ‘जायलोय, करायलोय’ म्हणते तेव्हा घरातली सुशिक्षित सून कानकोंडी होते. बाजारात कानडीत भाव करून घरी मराठीत हिशेब सांगणाऱ्या आजोबांची सरमिसळ भाषा नातवंडांना हसू आणते. वास्तविक या दोन भाषांचा शेजार शतकांचा आहे. अक्का आणि अण्णा दोघींचे. तुपाला कानडीत तुप्प म्हणतात. आणि पानाच्या तबकातला अडकित्ता आपल्याकडे आला तोच मुळी कानडीतून. बसवकल्याणच्या शरणांची वचने आणि पंढरीच्या संतांचे अभंग एकाच ओट्यावर ऐकलेल्या माणसांच्या जिभेवर ज्या खुणा उमटल्या, त्या आपल्या हजेरीच्या खुणा आहेत. त्या रंधा मारून काढायच्या आणि वर दुसऱ्या गावचे विकतचे जुनेपण चढवायचे, हा कोणता न्याय?

याचा अर्थ प्रमाण मराठी नको, असा कोणी काढू नये. उत्तरपत्रिकेत ती हवीच, आणि ती शिकवणे हे माझे कामच आहे. पण प्रमाण भाषा ही शिकण्याची गोष्ट आहे. ती येण्यासाठी घरच्या बोलीची लाज वाटण्याची अट नाही. मुलाला वर्षातून एकदा फेटा बांधण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आजीला मराठीत पत्र लिहायला लावावे, कानडी शब्द आडवा आला तर येऊ द्यावा. तारा बदलाव्यात, जवारी पुन्हा काढावी, वाद्य रोज हाती घ्यावे. चाळीस वर्षांनी त्यावर पडलेले चरे त्या मुलाचे स्वतःचे असतील आणि त्यांबद्दल त्याला कोणाला काही समजावून सांगावे लागणार नाही.