कंधारचा मतदार कुणाचा?

कंधारच्या माणसाचा जिल्हा नांदेड. कलेक्टर कचेरी नांदेडला, एसपी नांदेडला, जिल्हा परिषद नांदेडला. पण लोकसभेला तो मत देतो लातूरच्या उमेदवाराला, कारण लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभेत आहे आणि कंधार लोह्यात. किनवट आणि हदगाव हे तालुके नांदेड जिल्ह्याचे, त्यांचा खासदार हिंगोलीचा. त्याच हिंगोलीत यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेडही आहे. भूकंपाने जगाला ठाऊक झालेले किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण ते औसा विधानसभेत येते आणि औसा धाराशिव लोकसभेत. 2008 च्या पुनर्रचनेने आखलेला हा नकाशा 2009 पासून चालू आहे.

निवडणूक आली की आपण विचारतो, कोण उभा आहे, कुठल्या पक्षाचा, कुणाचा पोरगा. ज्या जमिनीवर तो उभा आहे ती कुणी मोजली, हे कुणी विचारत नाही. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मतदारसंघाने नेमके कुणाला संसदेत न्यायचे, याची समज आपल्याकडे गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत अनेकदा पालटली, आणि दर वेळी सर्वसामान्य मतदाराला न विचारता पालटली.

निजामाच्या राज्यात मतदारसंघ म्हणजे प्रदेश नव्हताच. अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून 1939 मध्ये ज्या राजकीय सुधारणा जाहीर झाल्या, त्यांत प्रतिनिधित्व द्यायचे होते ते धंद्यांना आणि हितसंबंधांना. जहागीरदार, पट्टेदार, कुळे, सावकार, वकील, डॉक्टर अशा गटांनी आपापले प्रतिनिधी निवडावेत, आणि हिंदू-मुस्लिम जागा मात्र सारख्या असाव्यात, अशी ती योजना. नांदेड किंवा उदगीर म्हणून कुणी बोलणार नव्हते. कागदावर ही कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. कुळाचा माणूस सभागृहात यावा असे कुणाला वाटणार नाही? पण राज्यात बहुसंख्य असलेल्या रयतेचे वजन त्यात मुद्दाम हलके केलेले होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसने या योजनेनुसार झालेल्या 1946 च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. पुढे 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत, 1952 साली, मराठवाड्याच्या माणसाने पहिल्यांदा प्रौढ मताधिकाराने मत दिले. एकीकडे जहागीरदार आणि सालगडी यांचे मत सारखे झाले, दुसरीकडे धंद्याऐवजी गाव मोजले जाऊ लागले. आपण पहिला बदल साजरा करतो. दुसराही तेवढाच मोठा होता.

त्या पहिल्या निवडणुकीत नांदेड हैदराबाद राज्यात होते आणि मतदारसंघ द्विसदस्य होता. ही व्यवस्था आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे, म्हणून थोडी सांगतो. एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे, त्यांतली एक जागा अनुसूचित जातीसाठी. मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत कागद टाकायचा. अक्षरओळख नसलेल्या बाईने एक कागद एका पेटीत टाकायचा आणि दुसरा दुसऱ्या पेटीत. देवराव कांबळे आणि शंकरराव तेलकीकर असे दोघे काँग्रेसचे उमेदवार 1952 साली नांदेडमधून निवडून गेले.

1957 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता आणि संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते. नांदेडने तेव्हा काँग्रेसचे देवराव कांबळे यांना पुन्हा पाठवले आणि त्यांच्याबरोबर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहरराव सोनुले यांनाही. एकाच मतदारसंघाने एकाच निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचा माणूस आणि विरोधकाचा माणूस असे दोघेही दिल्लीला धाडले. मला हा निकाल नांदेडच्या इतिहासातला सर्वांत विचार करण्याजोगा निकाल वाटतो. एका भूभागात एकच मत नांदत नसते, हे त्या पद्धतीत स्वच्छ दिसत होते. आजच्या पद्धतीत एका मताने जिंकणाराही संपूर्ण मतदारसंघाचा होतो आणि हरलेल्या लाखोंचा आवाज पुढच्या निवडणुकीपर्यंत कुठे नोंदला जात नाही.

ही द्विसदस्य पद्धत इंग्रजांची. इंग्लंडात शतकानुशतके बहुतेक मतदारसंघ दोन सदस्यांचे होते आणि तिथली शेवटची अशी जागा 1950 साली संपली. त्यांच्याकडे ओल्ड सॅरम नावाचे ओसाड टेकाड होते. वस्ती उठून गेली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मतदार उरले, तरी 1832 च्या कायद्यापर्यंत तिथून दोन खासदार पार्लमेंटात जात, कारण रेघ जुनी होती आणि ती बदलण्यात बलवानांचा तोटा होता. आपण मात्र त्या जुन्या सापळ्यात अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधित्वाचा नवा जीव घातला. 1957 मध्ये देशातल्या 403 मतदारसंघांपैकी 91 दोन सदस्यांचे होते. मग आंध्रातल्या पार्वतीपुरम इथे राखीव जागेबरोबर सर्वसाधारण जागाही आदिवासी उमेदवारानेच जिंकली आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, 1959 मध्ये न्यायालयाने निकाल कायम ठेवला, आणि दोनच वर्षांत, 1961 साली, कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. गैरसोयीची कारणे तेव्हा दिली गेली आणि ती खरीही होती. एवढ्या विस्तीर्ण मुलखात दोघांनी फिरणे सोपे नव्हते. तरी एक चांगली गोष्ट त्यात गेली. तोवर सवर्ण मतदार आणि दलित मतदार एकाच यादीतून दोन माणसे निवडत. त्यानंतर जागाच वेगळ्या झाल्या: ही राखीव, ती खुली.

लातूरची गोष्ट इथूनच सुरू होते. 1962 साली लातूर लोकसभेचा मतदारसंघ झाला तो राखीव म्हणूनच, आणि तुळशीराम कांबळे तिथून निवडून आले. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातला एक तालुका. जिल्हा व्हायला 1982 उजाडावे लागले. म्हणजे लातूरचा खासदार लातूर जिल्ह्यापेक्षा वीस वर्षांनी थोरला. 1977 मध्ये आरक्षण शेजारच्या उस्मानाबादला गेले आणि लातूर खुले झाले. 2009 मध्ये ते परत लातूरला आले आणि उस्मानाबाद खुले झाले. या ये-जा करण्यामागे कायद्याचे सूत्र आहे: अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखराव्यात आणि जिथे त्यांचे लोकसंख्येतले प्रमाण तुलनेने अधिक असेल तिथे द्याव्यात.

खुल्या काळातल्या लातूरने शिवराज पाटील चाकूरकरांना 1980 ते 1999 अशा ओळीने सात निवडणुकांत निवडून दिले. ते लोकसभेचे अध्यक्ष झाले, संसदीय कामकाजात त्यांचा दबदबा राहिला. 2004 मध्ये रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांचा पराभव केला. पुढे जागा राखीव झाली आणि चार निवडणुकांत चार चेहरे आले: 2009 मध्ये काँग्रेसचे जयवंत आवळे, 2014 मध्ये भाजपचे सुनील गायकवाड, 2019 मध्ये भाजपचेच सुधाकर शृंगारे, 2024 मध्ये काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे. आवळे तर मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. गायकवाडांना त्यांच्याच पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. शृंगारे पावणेतीन लाखांहून जास्त मताधिक्याने जिंकले आणि पाच वर्षांत साठ हजारांहून अधिक मतांनी हरले.

खुल्या जागेवर एका माणसाला चोवीस वर्षे मिळाली. समित्या, मंत्रालये, दिल्लीतले दरवाजे ओळखीचे करून घ्यायला तेवढा अवधी लागतोच. 2009 पासूनच्या राखीव जागेवर आजवर कुणी दुसऱ्यांदा निवडून आले नाही. आरक्षण मतदारांनी नाकारले असा याचा अर्थ नाही, त्यांनी दर वेळी भरभरून मते दिली आहेत. उमेदवार ठरवणारे मात्र राखीव जागेकडे तात्पुरती सोय म्हणून पाहतात, आणि जिल्ह्याचे खरे वजन कारखान्यांकडे, बँकांकडे आणि विधानसभेच्या जागांकडे ठेवतात. ही वृत्ती मला या पद्धतीतली सर्वांत मोठी उणीव वाटते, आणि ती कायद्याने भरून निघणारी नाही.

नांदेडची जागा 1962 पासून खुली. त्या वर्षी तिथून निवडून आले ते सोलापूरकडचे तुळशीदास जाधव, आणि बाहेरचा म्हणून नांदेडने त्यांना अडवले नाही. पुढे 1977 आले. राज्याचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण, जिल्हा त्यांचा, आणि आणीबाणीनंतरच्या त्या मार्चमध्ये नांदेडने शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे यांना लोकसभेत पाठवले. लातूरने त्याच पक्षाचे उद्धवराव पाटील निवडले. दोघेही निजामाविरुद्धच्या लढ्यातून आलेले, रांगड्या मराठीत सरकारला धारेवर धरणारे. धोंडगे कंधारचे. ज्या गावच्या माणसाला नांदेडने संसदेत नेले, त्या गावचे मतदान आज नांदेडमध्ये मोजले जात नाही.

शंकरराव 1980 आणि 1984 मध्ये नांदेडहून जिंकले, 1986 मध्ये मुख्यमंत्री म्हणून मुंबईला परतले. त्यांच्या रिकाम्या जागेवर 1987 च्या पोटनिवडणुकीत अशोक चव्हाण आले. समोर प्रकाश आंबेडकर होते. नांदेड आता एका घराचे झाले, असे तेव्हापासून बोलले जाऊ लागले. पण आकडे तसे सांगत नाहीत. 1989 मध्ये जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काबदे यांनी अशोक चव्हाणांना हरवले. 2004 मध्ये भाजपचे डी. बी. पाटील जिंकले. 2014 मध्ये राज्यभर पडझड होत असताना काँग्रेसचे दोनच खासदार आले, त्यांतले एक अशोक चव्हाण. पाच वर्षांनी प्रतापराव पाटील चिखलीकरांनी त्यांना सुमारे चाळीस हजार मतांनी पाडले. चिखलीकर आमदार होते ते लोह्याचे, म्हणजे लातूर लोकसभेतले! मतदारसंघाची रेघ नेत्याला अडवत नाही, मतदारालाच अडवते.

2024 च्या फेब्रुवारीत अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले. एप्रिल-जूनच्या हिशेबात तरी नांदेड त्यांच्याबरोबर गेले नाही. काँग्रेसचे वसंतराव चव्हाण जवळजवळ साठ हजारांनी निवडून आले. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्या दिवशी नांदेडच्या मतदाराने एकाच केंद्रात, काही मिनिटांच्या अंतराने, दोन यंत्रांवर दोन बटणे दाबली. विधानसभेच्या सहाही जागा महायुतीला गेल्या. लोकसभेला वसंतरावांचे पुत्र, काँग्रेसचे रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी जिंकले. सहा आमदार एका बाजूचे आणि त्यांच्याच डोक्यावरचा खासदार दुसऱ्या बाजूचा. 1957 साली एका मतदाराच्या हातात दोन मते होती आणि त्याने ती विभागली. 2024 मध्ये तशी संधी पुन्हा आली तेव्हा त्याच्या नातवंडांनीही ती विभागली. याला कुणी गोंधळ म्हणतात, कुणी सहानुभूती. माझ्या मते मतदार आमदाराकडे एक काम सोपवतो आणि खासदाराकडे दुसरे, आणि दोन्हींचा विचार वेगवेगळा करतो.

आता पुढची पुनर्रचना दारात आहे. राज्यांच्या वाट्याच्या जागा 1971 च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत आणि ती मर्यादा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. जागा किती वाढणार, उत्तरेला किती आणि दक्षिणेला किती, यावर देशभर वाद आहेत. आपल्याकडे प्रश्न जवळचे आहेत. कंधार-लोहा नांदेडला परत जोडायचे का? किनवटसारख्या आदिवासी तालुक्याला उमरखेडबरोबर ठेवणे त्याच्या हिताचे की नाही? लातूरची जागा पुन्हा खुली झाली तर आरक्षण कुणाकडे जाईल, आणि तिथे तरी खासदाराला दुसरी कारकीर्द मिळेल का? मागच्या वेळी पुनर्रचना आयोगाने मसुदा जाहीर करून हरकती मागवल्या होत्या, सुनावण्या घेतल्या होत्या. अशा सुनावणीत पुढारी नकाशे घेऊन पोचतातच. कंधारच्या बाजारपेठेतल्या, बारूळच्या, फुलवळच्या माणसाने या वेळी आपली हरकत स्वतः लिहावी, ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा, आणि तारीख जाहीर होण्याआधीच त्याची तयारी सुरू करावी.