सामानाजवळ राहिलेल्यांचा वाटा

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय ३०

या अध्यायाच्या आरंभी सहाशे शूर पुरुष रडताना आपणांस दिसतात. दावीद व त्याचे लोक तिसऱ्या दिवशी सिकलाग नगरास परत आले, तो नगर जळून गेलेले आणि बायकामुले अमालेकी लोकांनी धरून नेलेली. तेव्हा अंगी रडण्याचे बळ उरेना इतके ते रडले. हे तलवारीस भिणारे लोक नव्हते. तरीही पवित्र शास्त्राने त्यांचे अश्रू झाकून ठेवले नाहीत, आणि त्यांस भित्रे असेही म्हटले नाही. शिपायाचा देह छावणीत व जीव घरी असतो, हे देवबापाला ठाऊक आहे. आपणांस मात्र ते पुनःपुन्हा सांगावे लागते.

जुन्नर व आंबेगाव हे आमचे तालुके ज्या पुणे जिल्ह्यात आहेत, त्याचे नाव पहिल्या महायुद्धात एका मोठ्या सैन्याला होते. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठ्यांच्या पलटणी होत्या. शास्त्रात जिला हिद्दकेल म्हटले आहे त्या तैग्रीस नदीच्या काठी, कूत नावाच्या गावी, हे सैन्य ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांच्या वेढ्यात सापडले. वेढा १४७ दिवस चालला. पीठ दिवसेंदिवस कमी होत गेले, भाजीपाला मिळेना, आणि शेवटी घोडे मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडी लावले नाही. घरी परतल्यावर गाव काय म्हणेल, जात काय म्हणेल, ही त्यांची चिंता होती. धर्मगुरूंची मोकळीक हिंदुस्थानातून बिनतारी संदेशाने मागविण्यात आली, तरी अनेकांचे मन वळले नाही. बंधूंनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मरण दाराशी उभे असताही हे लोक परत जाण्याच्या दिवसाचा विचार करीत होते. भुकेपेक्षाही घर त्यांस अधिक जवळचे होते. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. सुमारे १३,००० लोक कैदेत पडले, आणि त्यांतील हजारो पुन्हा आपल्या गावाची वेस पाहू शकले नाहीत.

यावरून पहिली गोष्ट ही शिकावयाची की, घराची ओढ हा शिपायाचा दुबळेपणा नव्हे. अदुल्लामाच्या गुहेत असताना दावीदाला बेथलेहेमाच्या वेशीजवळील विहिरीच्या पाण्याची आठवण झाली. पाणी काय दुसरीकडे नव्हते? पण तहान त्या विहिरीची होती. कुकडीच्या, मीनेच्या किंवा घोडनदीच्या काठी वाढलेल्या मुलालाही परमुलुखात हीच तहान लागते. बाजरीची गरम भाकरी, आईची हाक, मृगाच्या पहिल्या सरीने ओली झालेली माती, यांवाचून पोट भरते, परंतु मन भरत नाही. ज्या आंबेगावाच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, ते जुने गाव तर आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तेथला कोणी शिपाई आज परत आला, तर त्याला ती वाट व तो उंबरठा दिसावयाचा नाही. मग त्याचे घर कोणते? त्याची वाट पाहणारी माणसे, हेच त्याचे घर.

दुसरी गोष्ट. इशायाचे तीन पुत्र शौलाच्या छावणीत होते, तेव्हा त्या वृद्ध पित्याने धाकट्या दावीदाच्या हाती भाजलेले धान्य व दहा भाकरी पाठविल्या, भावांचे क्षेमकुशल विचारावयास सांगितले, आणि त्यांची काही खूण घेऊन येण्याची आज्ञा केली. भाकर तिकडे व खूण इकडे, असा हा व्यवहार आहे. पहिल्या महायुद्धात ही खूण पत्राने येत असे. पण ते पत्र कसे येई? बहुतेक शिपायांस अक्षरओळख नव्हती. तो सांगे व दुसरा लिही. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे पुढे सरकारी तपासनीस उघडून वाचीत व त्यांतील उतारे काढून ठेवीत. मग टपालवाला ते गावी आणी, आणि घरच्या बाईस वाचता येत नसेल तर ते तिसराच कोणी तिला वाचून दाखवी. पतीने पत्नीस सांगावयाची गोष्ट इतक्या परक्या मुखांतून व डोळ्यांसमोरून जाई. म्हणून तो सर्वांस नमस्कार लिही, बैलांची व पिकांची विचारपूस करी, आणि मनातले मनातच ठेवी. तीही पदर सावरून ऐके, आणि काय उत्तर लिहू असे विचारले असता, आम्ही सर्व खुशाल आहोत, एवढेच सांगे.

आज ती अडचण उरली नाही. सीमेवरच्या मुलाचा शब्द दूरध्वनीने थेट आईच्या कानी पडतो. मध्ये लेखनिक नाही व वाचणाराही नाही. परंतु आमच्या खेड्यांतील घरांतून फिरताना आम्ही काय ऐकतो? पगार जमा झाला का, रजा केव्हा, हप्ता भरला का, इतकेच. वाट मोकळी झाली आणि बोलणे मात्र आखडले. ज्यांना मोकळेपणी बोलता येत नव्हते त्यांचे मौन आपण समजू शकतो. आपल्या मौनाला कोणते कारण आहे?

तिसरी गोष्ट या अध्यायाच्या शेवटी आहे. दोनशे लोक थकून बसोर ओहोळापाशी सामानाजवळ राहिले, व चारशे पुढे गेले. विजय मिळाल्यावर कित्येक दुष्ट लोक म्हणू लागले की, मागे राहिलेल्यांस लुटीतले काही देऊ नये. दावीदाने ते ऐकले नाही. लढाईस जाणारा व सामानाजवळ राहणारा यांस सारखाच वाटा, असा त्याने इस्राएलात कायमचा नियम केला.

महाराष्ट्रातील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे. गावातून किती पुरुष गेले व किती मेले, हा आकडा तीवर कोरलेला असतो. बहुधा नावेही नसतात. आणि ज्या बायकांनी नांगरटीची व सावकाराची काळजी वाहिली, म्हाताऱ्या सासूचे दुखणे काढले, आणि मुलांस बाप कसा दिसतो हे तोंडी सांगून वाढविले, त्यांचा आकडा तर कोठेच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत तैबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला, व तो त्यांच्या पत्नीच्या हाती आला. पदक घेणारा तो हात रिकामाच राहिला, हे कोण नाकारील? मनुष्यांच्या पाटीवर जिची गणना नाही, तिचा वाटा परमेश्वराने लिहून ठेवला आहे. पण तो तिच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम मंडळीकडे दिलेले आहे.

म्हणून, प्रियांनो, हे ऐकून केवळ मान डोलावू नका. ज्यांचा पुत्र, पती किंवा बंधू सैन्यात आहे, त्यांनी या आठवड्यात त्याच्याशी पैशावाचून दुसरे काही बोलावे. घरी खरोखर काय चालले आहे ते सौम्यपणे सांगावे, आणि त्याच्या मनात काय आहे ते विचारून मग गप्प राहून ऐकावे. त्याचा कंठ दाटून आला तर, तू पुरुष ना, असे म्हणू नये. सिकलागचे सहाशेही पुरुषच होते. मंडळीच्या वडिलांनी अशा घरांची आठवण फक्त प्रार्थनेत करू नये. खुरपणीस व काढणीस हात द्यावा, आजाऱ्याला दवाखान्यात न्यावे, पेन्शनीच्या कागदांसाठी घोडेगावास किंवा जुन्नरास कचेरीत सोबत जावे. आणि त्या घरातले जे काही आपल्या कानी पडेल, ते चावडीवर नेऊ नये.

जो प्रभू आपला स्वर्गीय महिमा सोडून परक्या मुलुखात राहावयास आला, आणि वधस्तंभावर असताही आपल्या आईची सोय लावण्यास विसरला नाही, तो छावणीतल्या पुत्राचे व घरातल्या मातेचे रक्षण करो, आणि सामानाजवळ राहिलेल्यांचा वाटा आमच्या हातून त्यांस मिळो. आमेन.