सांताक्रूझ की कुलाबा?

२६ जुलै २००५ च्या पावसाचा आकडा मुंबईकरांना पाठ असतो: ९४४ मिलिमीटर. हा आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत ७३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आणखी एक गंमत म्हणजे हवामान खात्याच्या दप्तरी हा पाऊस २७ तारखेच्या नावावर आहे. आपल्याकडे पर्जन्यमापकातले पाणी सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या खाती जमा होतो. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पाऊस आदल्या दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला होता.

मग त्या दिवशी मुंबईत पाऊस किती पडला? दोन्ही आकड्यांची सरासरी काढली तर ५०८.५ येते, आणि तेवढा पाऊस दोन्हीपैकी कुठेच पडला नव्हता. आपल्या हवामानशास्त्राची दीडशे वर्षांची वाटचाल मला याच प्रश्नाभोवती फिरलेली दिसते. केवढ्या प्रदेशाला एक प्रदेश म्हणायचे?

सुरुवातीला उत्तर सोपे होते: सगळा देश. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले, १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला आणि १८७५ मध्ये हवामान खाते उभे राहिले. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा मान्सून कमजोर, या अंदाजावर त्यांनी हंगामी भाकिते सुरू केली. सरकारला तेव्हा शेतसारा आणि दुष्काळ यांची काळजी होती. तिच्यासाठी देशाचा एक आकडा पुरेसा होता. गावात काय होते हे गावाने बघावे.

या एका आकड्याला पहिला तडा दिला तो गिल्बर्ट वॉकर यांनी. ते मूळचे गणिती, १९०४ ते १९२४ खात्याचे प्रमुख. मान्सूनचा धागा शोधता शोधता ते पॅसिफिक महासागरापर्यंत पोचले आणि ज्याला आज आपण एल निनोच्या जोडीने ओळखतो ते हवेच्या दाबाचे दक्षिणी आंदोलन त्यांना सापडले. पण ते एवढ्या दूरवर पोचले तरी घरचा हिशेब मात्र त्यांनी लहान केला. सबंध भारताचा पाऊस एकाच सूत्रात बसत नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे भाग पाडून अंदाज वेगळे केले. मला हा निर्णय त्यांच्या मोठ्या शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आज देशाचे ३६ हवामान उपविभाग आहेत. आपल्या वाट्याला कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. पण सातारा जिल्हा घ्या. पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारे महाबळेश्वर आणि टँकरकडे डोळे लावून बसणारा माण-खटावचा पट्टा एकाच जिल्ह्यात, एकाच उपविभागात. ‘मध्य महाराष्ट्रात सरासरीइतका पाऊस’ ही बातमी माणच्या शेतकऱ्याने कशी वाचायची? खात्यालाही हे कळत होते. म्हणून अंदाज जिल्ह्यावर आले, पुढे तालुक्याकडे सरकले, आणि २००५ च्या धड्यानंतर मुंबईत पावसाची स्वयंचलित केंद्रे नि डॉप्लर रडार आले. पाणी कुठे तुंबेल हे वॉर्डनिहाय सांगू पाहणारी पूर-इशारा प्रणालीही २०२० मध्ये सुरू झाली.

उन्हाच्या बाबतीत प्रदेश लहान करून भागेना, तिथे मोजायची वस्तूच बदलावी लागली. उष्णतेच्या लाटेची व्याख्या मुळातच जागेनुसार आहे: मैदानी भागात किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७, डोंगरात ३०, आणि वर सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांची वाढ. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मोकळ्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे तासन् तास उन्हात बसली. पारा अडतिसाच्या आसपास होता. एप्रिलमधल्या अशा दिवसाची चंद्रपुरात कोणी दखलही घेणार नाही. खारघरला त्या उन्हाने १४ जीव घेतले. दमट हवा, सावलीचा अभाव, गर्दी, पाण्याची अडचण यातले काहीच तापमापीत उतरत नाही.

अहमदाबादने हे आधी ओळखले होते. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६ अंशांच्या वर गेला. नंतर संशोधकांनी त्या महिन्यातले मृत्यू एरवीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा तेराशेहून अधिक मृत्यू जादा निघाले. त्यावर २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला, तो देशातला पहिला मानला जातो. पुढे नागपूरनेही तसा केला. इशारा कधी द्यायचा हे आता आकाशाबरोबर मृत्यूची नोंदवहीही सांगू लागली. हवामानाच्या विचारात एवढा मोठा पालट पुन्हा झालेला मला तरी ठाऊक नाही, आणि तो घडला महापालिकेच्या एका कंटाळवाण्या रजिस्टरमुळे.

हवेच्या गुणवत्तेचा अभ्यास या सगळ्यापासून लांब, वेगळ्याच दाराने आला. ते दार कारखान्याचे. १९८१ चा हवा प्रदूषण कायदा, प्रदूषण नियंत्रण मंडळे, चेंबूरच्या चिमण्या. रोख सगळा धूर सोडणाऱ्यावर, आणि ते योग्यच होते. पण धूर सुटल्यावर तो जातो कुठे हे वारा ठरवतो, आणि वारा दुसऱ्या खात्याचा! डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये हजारो माणसे धुरक्याने मेली. त्या आठवड्यात शहराने कोळसा काही अचानक कित्येक पटींनी जास्त जाळला नव्हता. वारा पडला होता आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर ऊबदार हवेचे झाकण बसले होते. आपल्याकडे ही दोन शास्त्रे ठळकपणे एकत्र आली ती २०१० मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘सफर’ ही प्रणाली उभी केली आणि उद्या पाऊस पडेल का याच्या शेजारी उद्या हवा कशी असेल हेही सांगायला सुरुवात केली. मग पुणे आणि मुंबईही त्यात आली.

मुंबईला तरीही आपल्या समुद्राचा भरवसा होता. दुपारी खारा वारा येतो नि सगळे धुऊन नेतो, ही समजूत बरीचशी खरीही आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ती उघडी पडली. काही दिवस मुंबईची हवा दिल्लीपेक्षा वाईट नोंदली गेली. ‘सफर’चे संस्थापक गुफ्रान बेग यांनी कारण दिले ते असे: सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निनामुळे वाऱ्यांची चाल बिघडली. एरवी हिवाळ्यात जमिनीकडचा आणि समुद्राकडचा वारा आलटूनपालटून वाहतो, तो पालट लांबला आणि धूळ शहरातच कोंडली. स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, फक्त काहींना ते जरा जास्तच सोयीचे वाटले. ला निनाने मुंबईत एकही इमारत पाडली नव्हती की एकही डंपर ताडपत्रीविना रस्त्यावर आणला नव्हता.

आता मोजणीकडे जरा जवळून बघू. हवेतले सूक्ष्म कण मोजणाऱ्या एका प्रकारच्या यंत्रात कागदी फितीचे रीळ असते. पंप ठरावीक वेगाने हवा ओढतो, हवेतले कण फितीवर एका गोल ठिपक्यात बसतात. ठिपक्यातून बीटा किरण पार होताना किती कमजोर झाले त्यावरून कणांचे वजन काढतात. मग फीत पुढे सरकते. वापरलेल्या फितीवर तासातासाचे ठिपके ओळीने दिसतात, काही फिकट राखाडी, काही जवळजवळ काळे. हे आकडे पुढे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात जातात, आणि निर्देशांकाची रीत पाहण्यासारखी आहे. पीएम २.५, पीएम १०, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड अशा प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तोच त्या केंद्राचा निर्देशांक धरतात. सरासरी काढत नाहीत, कारण ओझोन कमी आहे म्हणून धूळ फुप्फुसाला माफ होत नाही. मात्र शहराचा एक आकडा जाहीर करायची वेळ आली की सगळ्या केंद्रांची सरासरी काढतात. म्हणजे विषाविषांत जो सरासरीचा मार्ग चुकीचा ठरवला, तोच वस्त्यावस्त्यांत चालतो.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली. दिवसचे दिवस धुमसणाऱ्या त्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. शेजारच्या गोवंडीत डोळे चुरचुरत होते. शहराच्या सरासरीत गोवंडीला शहरभराचे धडधाकट शेजारी मिळतात. पावसाच्या बाबतीत सांताक्रूझ आणि कुलाबा यांचे आकडे एकत्र मिसळून कोणी पूर समजावून सांगत नाही. हवेच्या बाबतीत आपण ते रोज करतो आणि वर्तमानपत्रेही तोच एक आकडा छापतात.

जाता जाता: १९०४ मध्ये कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडल्या असत्या. यंत्राच्या शेजारात काय चालते याची फिकीर या शहराने शंभर वर्षांपूर्वी केली होती. आज केंद्र कुठे बसवायचे, बागेत की नाक्यावर, यावर अभ्यासक वाद घालतात तेव्हा तो वाद क्षुल्लक नसतो. गल्लीबोळांत लावलेले स्वस्त सेन्सर प्रमाणित नाहीत, पावसाळी दमटपणात ते वाहवतात, हा आक्षेपही रास्त आहे. पण प्रमाणित केंद्र नसलेल्या वस्तीने तोवर श्वास तर घ्यायचाच ना?

महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली: पत्र्याची उंच कुंपणे, पाण्याचे फवारे, झाकलेले ट्रक. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पुढचे पाऊल पडले. बोरिवली पूर्व आणि भायखळा इथे निर्देशांक सतत दोनशेच्या वर राहिला म्हणून फक्त त्या भागांतली बांधकामे थांबवण्यात आली. शहराची सरासरी बाजूला ठेवून वॉर्डाच्या आकड्यावर कारवाई झाली, ही या विचाराची मला सर्वांत ताजी पायरी वाटते. काही दिवसांत हवा सुधारली, बंदी उठली. आता सुधारणेतला बंदीचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती? हे सांगायचे तर वॉर्डातल्या कणांची नोंद आणि त्याच वॉर्डातल्या वाऱ्याची नोंद एकाच कागदावर हवी, आणि त्या दोन नोंदी ठेवणाऱ्या कचेऱ्या अजून दोन आहेत.