हाडांची साक्ष

सेवा मनापासून केली तरच ती सेवा, असे आपण म्हणतो. मला याविषयी शंका आहे.

उत्तर व्हिएतनाममधील मान बाक येथे २००७ साली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या एका तरुणाचा सांगाडा सापडला. इतर बहुतेकांना पाय लांब करून पुरलेले. हा मात्र अंग मुडपून निजलेला. मानेचे मणके एकमेकांत जुळलेले, हातापायांची हाडे काडीसारखी. किशोरवयात किंवा त्याआधीच तो कमरेखाली लुळा पडला आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे जगला, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

शिकार आणि मासेमारी यांवर जगणारी ती वस्ती. तेथे रोज कोणीतरी त्याला भरवले असेल, धुतले असेल, कुशीवर वळवले असेल. हसत की कुरकुरत, हे हाडे सांगत नाहीत. ती फक्त वर्षे सांगतात.

आमच्या वाड्यातील एक काकू अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करताना दिवसभर पुटपुटत असत. त्यांना प्रेमळ कोणी म्हटले नाही. पण सासूबाईंचे जेवण एकदाही चुकले नाही. मान बाकच्या त्या तरुणाविषयी वाचले, तेव्हा मला प्रथम काकूच आठवल्या.